आवाजाची पाकिटे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अकरावीच्या सात विद्यार्थ्यांनी देवगिरीचा किल्ला बांधायला घेतला. अंगणात मातीचा नव्हे, संगणकावर. लुआंटी नावाचा एक मोफत खेळ आहे; २०२४ पर्यंत तो माइनटेस्ट या नावाने ओळखला जाई. त्यात एकाच आभासी माळावर अनेक जण आपापल्या घरून येतात आणि ठोकळ्यावर ठोकळा रचून हवे ते उभारतात. सातांपैकी चौघे इथे छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) होते. बाकीचे सुट्टीसाठी कन्नड, वैजापूर आणि सोयगाव तालुक्यांतल्या आपल्या गावी गेलेले. खंदक किती खोल घ्यायचा, अंधारीची वाट कुठून वळवायची, हे सारे बोलूनच ठरवायचे. कारण दोन्ही हात खेळात गुंतलेले असताना टंकन कोण करणार?

सोयगावच्या मुलाचा आवाज तुटत येई. कधी अर्धा शब्द, कधी चार वाक्ये एकदम. तिसऱ्या दिवशी बाकीच्यांनी ठरवले की त्याने नुसते ऐकावे, बोलू नये. वास्तविक अंधारीचा आराखडा त्यानेच काढलेला होता. तो काही बोलला नाही, पण इतरांनाच चुकल्यासारखे वाटले असावे. कारण त्यांतले दोघे माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘सर, एकत्र बोलण्यासाठी सगळ्यात चांगले सॉफ्टवेअर कोणते?’

मी पदार्थविज्ञान शिकवतो. खेळातले मला काही कळत नाही. मी दोन दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो. वाचता वाचता पन्नास वर्षे मागे जावे लागले.

मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झाले तेव्हापासून आपल्याकडे दूरध्वनीचा अर्थ एकच होता : बोलणाऱ्या दोघांसाठी एक वाट राखून ठेवायची. दोघे गप्प बसले तरी वाट त्यांचीच. इंटरनेटच्या पोटात अशी राखीव वाट नसते. तिथे मजकुराचे तुकडे करून ते पाकिटांत घालतात, प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहितात आणि सोडून देतात. रस्ता मोकळा असेल तसे ते जाते. पत्रासाठी ही रीत उत्तम. बोलण्यासाठी ती चालेल का, हा प्रश्न १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावर काम करणाऱ्यांना पडला होता.

पहिली अडचण साध्या गुणाकाराची. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज अंकांत मांडायचा तर सेकंदाला ८,००० वेळा त्याची उंची मोजतात आणि प्रत्येक मापाला ८ बिट देतात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. अर्पानेटच्या तारांची क्षमता होती सेकंदाला सुमारे ५०,००० बिट! एका माणसाचा आवाजसुद्धा त्यात मावत नव्हता.

इथे एका भारतीयाचे नाव येते, आणि पाठ्यपुस्तकांत ते अजून हवे तसे आलेले नाही याचे मला नवल वाटते. बिष्णू अटल १९३३ साली कानपूरला जन्मले, लखनौ विद्यापीठात आणि पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले, तिथे काही काळ शिकवले आणि १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासह त्यांनी एक साधी गोष्ट पकडली. आपला आवाज स्वैर नसतो. स्वरयंत्र कंप देते, घसा आणि तोंड त्याला आकार देतात; आणि तोंडाचा आकार क्षणार्धात फारसा बदलत नाही. त्यामुळे मागच्या काही मापांवरून पुढचे माप बरेचसे ओळखता येते. कीर्तनकाराने ओळखीच्या अभंगाचा पहिला चरण उचलला की टाळकऱ्यांना पुढचे सांगावे लागत नाही, तसेच. मग सगळी मापे कशाला पाठवायची? अंदाज बांधण्याचा नियम पाठवा आणि अंदाज जिथे चुकला तेवढी चूक पाठवा. जपानमध्ये इताकुरा आणि साइतो यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधला होता.

या पद्धतीची पुढची पायरी अटल आणि श्रोडर यांनी १९८५ साली मांडली. राहिलेल्या चुकीचेही नमुने ठरवायचे, त्यांची एकच यादी दोन्ही टोकांना ठेवायची आणि प्रत्यक्षात फक्त नमुन्याचा क्रमांक पाठवायचा. आपल्या तारसेवेतल्या (२०१३ साली ती बंद झाली) शुभेच्छा आठवा. लग्नाच्या तारेत पूर्ण वाक्य जात नसे. ठरावीक संदेशाचा क्रमांक जाई आणि पलीकडचा तारबाबू यादी पाहून वाक्य लिहून देई. अगदी तीच युक्ती. मात्र योग्य क्रमांक शोधायला आकडेमोड अफाट. त्या काळच्या क्रे-१ या महासंगणकाला एका सेकंदाच्या बोलण्यासाठी दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. आज खिशातला फोन हे काम बोलता बोलता करतो, कारण मोबाइलवरच्या आवाजाच्या बहुतेक पद्धती याच कुळातल्या आहेत.

अर्पानेटकडे परत येऊ. ऑगस्ट १९७४ मध्ये कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या दोन प्रयोगशाळांत पाकिटांतून पहिल्यांदा प्रत्यक्ष बोलणे झाले. त्याच वर्षी डिसेंबरात अंदाजाची युक्ती वापरून सेकंदाला अवघ्या ३,५०० बिटांत बोलणे पोचवले गेले, आणि जानेवारी १९७६ मध्ये चार ठिकाणची माणसे एकत्र बोलली. खेळाडूंच्या आजच्या गप्पांचे मूळ तिथे आहे.

या प्रयोगांचा सूत्रधार होता डॅनी कोहेन. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. तेव्हाचे जाळे पाकीट हरवले की ते पुन्हा मागवी, आणि ते येईपर्यंत मागची सगळी पाकिटे थोपवून धरी. रजिस्टर पत्रासारखे : पोच मिळाल्याखेरीज समाधान नाही. (टपाल खात्याने २०२५ साली रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये मिळवून टाकली, पण वाचकांना ती आठवत असेल.) पत्राला हे ठीक आहे. बोलण्यात मात्र उशिरा आलेला शब्द हरवलेल्या शब्दापेक्षा वाईट. एखादे अक्षर गळले तर कान ते भरून काढतो; पण त्या अक्षरासाठी पुढचे सारे वाक्य अडले, तर संवादच संपतो. या आग्रहामुळे १९७८ साली जाळ्याचे नियम दोन भागांत फोडले गेले आणि १९८० साली यूडीपी नावाचा साध्या पत्रासारखा नियम आला : पाकीट टाका, पोचले तर पोचले. आज खेळातला आवाज शक्यतो याच वाटेने जातो. सोयगावच्या मुलाची ‘चार वाक्ये एकदम’ का येत होती याचा सुगावा मला इथे लागला. मुले वापरत होती त्या सॉफ्टवेअरला साध्या पत्राची वाट त्याच्या नेटवर्कवर मिळत नव्हती, म्हणून ते रजिस्टरच्या वाटेने जात होते.

उशीर किती चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंत बोलणे सहज वाटते. ध्वनी हवेत तेवढ्या वेळात सुमारे ५१ मीटर जातो. म्हणजे शाळेच्या मैदानाच्या दोन टोकांना उभे राहून बोलण्यासारखे. त्यातला अंतरामुळे होणारा उशीर थोडाच. काचतंतूतून प्रकाश १,००० किलोमीटर ५ मिलिसेकंदांत जातो. बराचसा उशीर दोन्ही टोकांना होतो. पाकीट भरेपर्यंत थांबावे लागते, आणि पोचलेली पाकिटे मागेपुढे येतात म्हणून ती क्षणभर साठवून क्रमाने सोडावी लागतात. काही दिवसांआड नळाला पाणी येण्याची वर्षानुवर्षे सवय असलेल्या आमच्या शहराला टाकीचे काम समजावून सांगायला नको. पुरवठा जितका अनियमित तितकी टाकी मोठी. आणि इथे टाकी मोठी म्हणजे उशीर जास्त.

आता खेळाडूंकडे वळू. दूर बसून एकत्र खेळणाऱ्यांसाठी १९९९ च्या सुमारास रॉजर विल्को नावाचे सॉफ्टवेअर लोकप्रिय झाले. हे शब्द बिनतारी संदेशवाहकांचे : ‘ऐकले, तसे करतो.’ कळ दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे, ही पद्धतही तिथलीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आमच्या मराठवाड्यात हौशी रेडिओचालकांनी संदेश पोचवले ते याच शिस्तीने. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि शेवटी ‘ओव्हर’. भारतात मात्र त्या वेळी गंमत वेगळीच होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, पण १९९९ च्या दूरसंचार धोरणाने इंटरनेटवरून टेलिफोनसारखे बोलायला मनाई केली. ती १ एप्रिल २००२ रोजी उठली.

जगात त्याच सुमारास टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो आले. २००५ साली मंबल आले, ज्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली आहे. या सर्वांत एक सर्व्हर लागतो, म्हणजे मधला संगणक. तो का लागतो, हे फळ्यावर मांडून पाहावे. सात जण थेट एकमेकांशी बोलू लागले तर ७ × ६ = ४२ प्रवाह; प्रत्येकाला आपला आवाज सहा वेळा पाठवावा लागतो. मध्ये सर्व्हर असला की एकदाच. पण मग तो सर्व्हर कोणाचा? या सॉफ्टवेअरांत खेळाडूंची टोळी तो स्वतः चालवी किंवा भाड्याने घेई, आणि परवलीचा शब्द त्यांच्यातल्याच कोणाकडे तरी असे. २०१५ साली डिस्कॉर्ड आले. फुकट, सोपे, भाडे नाही. तिथेही गटाला ‘सर्व्हर’च म्हणतात, पण तो संगणक गटाचा नसतो, कंपनीचा असतो. कंपनीने २०२४ साली आवाज दोन्ही टोकांना कुलूपबंद करण्याची सोय आणली हे चांगलेच झाले. मात्र २०२५ साली तिच्या एका बाहेरच्या सेवादाराकडून सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत, असेही तिलाच जाहीर करावे लागले.

खेळातच बोलण्याची सोय असते, ती का नको, असे एका मुलाने विचारले. त्याला मी पबजी मोबाइलची आठवण दिली. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला इथल्या खेळाडूंसाठी तो बंदच झाला. ज्यांची ओळख आणि गप्पा त्या खेळाच्या आतच होत्या, त्यांचे सोबती खेळाबरोबर गेले.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही एक प्रयोग केला. तो वर्गातही करता येईल. दोन फोन बोलण्याच्या सॉफ्टवेअरवर जोडायचे, दुसऱ्याचा माइक बंद ठेवायचा, आणि पहिल्याजवळ टाळी वाजवायची. तिसऱ्या फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवले की खरी टाळी आणि पलीकडून आलेली टाळी अशा दोन्ही उमटतात. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यातले अंतर मोजले की उशीर हातात येतो.

मग आकडेमोड. चांगल्या आवाजासाठी सेकंदाला ३२ हजार बिट धरू. दर २० मिलिसेकंदांना एक म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. प्रत्येकावर पत्ता वगैरेचे सुमारे ४० बाइट. म्हणजे नुसत्या पाकिटांचेच १६ हजार बिट! एकूण ४८ हजार, आणि थेट सहा जणांना पाठवायचे तर २ लाख ८८ हजार. सोयगावच्या त्या वस्तीवर हे जमणे शक्य नव्हते. आवाज १६ हजार बिटांवर आणला, एका पाकिटात ६० मिलिसेकंदांचे बोलणे भरले आणि मध्ये सर्व्हर ठेवला, तर हाच आकडा २१ हजारांवर येतो. आवाज थोडा कोंदट होतो, ४० मिलिसेकंदांचा उशीर वाढतो; पण शब्द पोचतो. मंबलमध्ये या दोन्ही गोष्टी प्रत्येकाला आपल्यापुरत्या बदलता येतात, म्हणून मुलांनी ते निवडले. मुंबईतला एक छोटा संगणक भाड्याने घेतला, वर्गणी काढली. इतर सहा जणांनी आपला आवाज चांगलाच ठेवला होता. त्याला ऐकतानाही तुटक येते हे कळल्यावर त्यांनीही तो उतरवला आणि कळ दाबून बोलायचे ठरवले.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात अंधारी पूर्ण झाली. तिथे कुठे वळायचे आणि कुठे डोके वाकवायचे, हे सोयगावचा मुलगाच सांगत होता. वाक्य संपले की ‘ओव्हर’ म्हणायची पद्धतही त्यानेच पाडली. परवलीचा शब्द सध्या एका मुलीकडे आहे. बारावीनंतर ती शिकायला पुण्याला जाणार आहे, आणि नंतर तो कोणाकडे ठेवायचा यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.