प्रौढांच्या मुरुमांवरील उपचार आणि जोखमीचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मुरुमांसाठी मराठीत ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द रूढ आहे आणि त्यात रुग्णाचे वय गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक प्राचीन होय. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात ‘मुखदूषिका’ येते. कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीमुळे तरुणांच्या मुखावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या उठतात, असे तेथे म्हटले आहे. वमन आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप ही त्यावरील चिकित्सा होय. आधुनिक पाश्चात्त्य वैद्यकानेही दीर्घकाळ मुरूम हा पौगंडावस्थेचाच विकार मानला. इंग्लंडमधील लीड्स येथे पंचवीस वर्षांवरील २०० रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांत ७६ टक्के स्त्रिया आढळल्या. प्रौढ रुग्ण, आणि विशेषतः प्रौढ स्त्री, या रोगाच्या इतिहासात उशिरा दृष्टीस पडते. ज्या रोगाने जीव जात नाही, त्याच्या उपचारासाठी किती जोखीम पत्करावी आणि ती कोणी पत्करावी, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात विसाव्या शतकापासूनच्या उपचारांचा विचार केला आहे.

क्ष-किरणांचा काळ :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुरुमांवर क्ष-किरणांचा उपचार सर्रास केला जात असे. किरणांमुळे त्वचेतील तैलग्रंथी आकसतात व चेहरा स्वच्छ दिसू लागतो. लाभ काही आठवड्यांत आरशात दिसे. हानी मात्र अनेक वर्षांनी प्रकट होई. तरुणपणी चेहऱ्यावर व मानेवर किरण घेतलेल्या व्यक्तींना पुढे प्रौढ वयात थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे स्पष्ट होत गेले. १९७७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने असे उपचार घेतलेल्यांना तपासणीसाठी सावध करण्याची मोहीम हाती घेतली. तोपर्यंत टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके व बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम उपलब्ध झाल्याने हा उपचार मागे पडला होता.

तुरुंगातील त्वचा :

१९६९ साली अल्बर्ट क्लिगमन, जेम्स फुल्टन व गेर्ड प्लेविग यांनी ‘व्हिटॅमिन ए ॲसिड’, म्हणजे ट्रेटिनॉइन, त्वचेवर लावल्याने मुरूम कमी होतात हे दाखविले. आजही हे औषध उपचारपद्धतीचा आधार आहे. तथापि, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे हेच क्लिगमन १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर त्वचेचे प्रयोग करीत होते. कैद्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास डाऊ केमिकल कंपनीसाठी केलेल्या प्रयोगांत कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन हे विषारी द्रव्य लावण्यात आले व काहींना ‘क्लोरॲक्ने’ हा मुरुमांसारखा विकार जडला. ज्यांना मुरूम नव्हते, त्यांना ते मुद्दाम आणविले गेले! थोड्याशा मोबदल्यासाठी तुरुंगात दिलेल्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. ॲलन हॉर्नब्लम यांच्या १९९८ मधील ‘एकर्स ऑफ स्किन’ या ग्रंथाने हे प्रकरण पुन्हा चर्चेत आणले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये व फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये क्षमायाचना केली. ट्रेटिनॉइनचा गौरव करताना होम्सबर्गचा उल्लेख टाळणारा इतिहास अपुराच मानावा लागेल.

आयसोट्रेटिनॉइन आणि प्रौढ स्त्री :

१९७९ साली गॅरी पेक व सहकाऱ्यांनी तीव्र, गाठी धरणारे मुरूम असलेल्या १४ रुग्णांना आयसोट्रेटिनॉइन पोटातून दिले. त्यांपैकी १३ जणांचा चेहरा पूर्ण निवळला. या रोगाच्या उपचारात असे यश पूर्वी कोणी पाहिले नव्हते. १९८२ मध्ये अमेरिकेत औषधास मान्यता मिळाली. गर्भावस्थेत ते घेऊ नये, हा इशारा आरंभापासूनच होता. तरीही १९८३ पासून व्यंग असलेल्या अर्भकांची वृत्ते येऊ लागली. कान, चेहरा, हृदय व मेंदू यांतील ही व्यंगे होती. १९८८ मध्ये गर्भप्रतिबंधाचा विशेष कार्यक्रम व २००६ मध्ये रुग्ण, वैद्य व औषधविक्रेते या सर्वांची नोंदणी सक्तीची करणारी ‘आयप्लेज’ पद्धती आली. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. प्रौढ वयातील मुरुमांचा त्रास ज्या वयाच्या स्त्रियांना अधिक होतो, नेमके तेच त्यांचे मातृत्वाचे वय असते. त्यामुळे सर्वांत प्रभावी औषध ज्यांना हवे, त्यांच्यावरच सर्वाधिक निर्बंध येतात. आणि दर महिन्याची गर्भतपासणी, कागदपत्रे व जाबजबाब हा भार पुरुष रुग्णावर त्या प्रमाणात पडत नाही.

संप्रेरकांचा मार्ग :

स्पायरोनोलॅक्टोन हे १९६० च्या सुमारास बाजारात आलेले मूत्रल औषध. पुरुषी संप्रेरकांच्या कार्यास ते अटकाव करते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ अनेक दशके ते स्त्रियांच्या मुरुमांवर देत आले. परंतु त्यामागील पुरावा लहानसहान अभ्यासांचाच होता. इंग्लंड व वेल्समधील ४१० प्रौढ स्त्रियांवर केलेली ‘साफा’ चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाराव्या आठवड्यात औषध व निष्क्रिय गोळी यांतील फरक अल्प होता. चोविसाव्या आठवड्यात मात्र सुधारणा जाणवल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्या गटात ८२ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात ६३ टक्के होते. या औषधासोबतही गर्भप्रतिबंध आवश्यक ठरतो, कारण पुरुषगर्भाच्या वाढीत बाधा येण्याची शक्यता असते. औषध बाजारात आल्यापासून प्रौढ स्त्रियांच्या मुरुमांवरील या मोठ्या चाचणीपर्यंत साठ वर्षे लोटली होती.