परमिट रूम, पिंपातली बिअर आणि ताडाची झाडं

या विकांताचा विषय जरा ओला आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी ताडगोळे समजून वाचावा.

बदलापूर असो, अंबरनाथ असो की उल्हासनगर, स्टेशनाबाहेर पडलं की दहा मिनिटांच्या आत एक पाटी दिसतेच : अमुक-तमुक बार अँड रेस्टॉरंट, आणि खाली ‘परमिट रूम’. काचा काळ्या, दाराला पडदा, आत एसी. सोनिवलीहून रोज स्टेशन गाठताना ही पाटी मी इतक्या वेळा वाचलीय की ती किती विचित्र आहे हे माझ्या लक्षातच येत नव्हतं. जगभर पिण्याच्या जागेला मालकाचं, प्राण्याचं, राजाचं नाव देतात. आपण सरकारी कागदाचं दिलं! म्हणजे उद्या खानावळीला ‘रेशनकार्ड रूम’ म्हणावं तसं.

हा कागद खराच असतो. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो : एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजन्म (‘आजन्म’ या शब्दाला एवढं अचूक काम क्वचितच मिळालं असेल). परवाना कशासाठी? तर ‘आरोग्य राखण्यासाठी’. थोडक्यात, कायद्याच्या लेखी परमिट रूममधला प्रत्येक गिऱ्हाईक हा पेशंट आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं. मी एकदा वेटरला मुद्दाम विचारलं, “भाऊ, परमिट लागतं ना?” तो म्हणाला, “सर, तुम्ही बसा हो, ते आम्ही बघतो.”

आता याच्या दुसऱ्या टोकाची जागा. कंपनीच्या कृपेने काही महिने इंग्लंडात लीड्सला होतो. तिथे ब्रिगेट नावाच्या मुख्य रस्त्याला लागून, आपल्याकडे दोन बिल्डिंगांमध्ये गटार असतं तेवढ्या बोळात, व्हिटलॉक्स नावाचा पब आहे. १७१५ सालापासूनचा. लांबट, अरुंद, पितळ आणि आरसे, आणि काउंटरवर लाकडी दांड्यांचे हातपंप. बाई पंप ओढतात आणि तळघरातल्या पिंपातून बिअर वर येते. तिला ते ‘रिअल एल’ म्हणतात. थंडगार नसते (११ ते १३ अंश), फेस बेताचा. पहिल्या घोटाला माझ्यासारख्या किंगफिशरवर वाढलेल्या माणसाला वाटतं की फ्रीज बंद पडलाय.

पण ती बिअर जिवंत असते. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा यीस्ट आतच असतं, आंबण्याची शेवटची फेरी त्याच पिंपात, पबच्या तळघरात होते. बाहेरून गॅस मारायचा नाही. पिंपाला तोटी ठोकली की हवा आत शिरते आणि घड्याळ सुरू होतं. तीनेक दिवसांत संपवा, नाहीतर आंबट. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. तेवढी गिऱ्हाइकं नसतील तर पबवाल्याने ते उघडूच नये. बाटलीतली बिअर ही एकदा कंपाइल करून ठेवलेली फाइल आहे, पिंपातली बिअर म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं.

हे सगळं त्या पंपवाल्या बाईंनी मला समजावून सांगितलं, आणि मी मनात म्हटलं, अहो, ही तर आमची ताडी!

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : ताडाची किंवा माडाची पोय छेवून तिला मडकं बांधतात. रात्रभर रस ठिबकतो. पहाटे उतरवला तर गोड, ती नीरा. हवेतलं यीस्ट काही तासांत काम करतं, आणि तिची ताडी (माडाची असेल तर माडी) होते, साधारण चार-पाच टक्क्यांची, म्हणजे बिअरइतकीच. संध्याकाळपर्यंत आंबट, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरच्या वाटेवर. म्हणजे लीड्सच्या पिंपाला तीन दिवस मिळतात, आमच्या मडक्याला एक.

मग लीड्सच्या बोळात पिंप टिकलं आणि आमच्या स्टेशनाबाहेर मडकं का नाही टिकलं? ‘आपली संस्कृतीच नाही तशी’ हे उत्तर मला पटत नाही. संस्कृती होतीच. माझ्या मते उत्तर कराच्या हिशोबात आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. तेव्हाचे अबकारी कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड हे या व्यवस्थेचे शिल्पकार. त्यांचा प्रश्न कुठल्याही सिस्टिम अ‍ॅडमिनसारखा होता : मोजायचं कसं? गावोगावच्या मोहाच्या भट्ट्या मोजता येत नाहीत. म्हणून त्या बंद करायच्या, मोठ्या डिस्टिलरीत दारू गाळायची, तिथे अंमलदार बसवायचा आणि प्रत्येक गॅलनवर कर घ्यायचा. दारू हा स्थिर माल आहे, आज मोजा, महिन्याने विका. पण ताडी? सकाळी एक, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. ती मोजायची म्हणजे दर तासाला माणूस पाठवायचा. त्यापेक्षा झाड मोजा! झाड पळून जात नाही. मग झाडाला नंबर आणि नंबराला कर, रस किती उतरला याच्याशी संबंध नाही.

आणि हा कर मुद्दाम चढा ठेवला गेला. कारण स्वस्त ताडी मिळत असेल तर सरकारी कर भरलेली महाग दारू कोण घेणार? इथे गोम आहे. सौम्य पेय महाग करून लोकांना कडक पेयाकडे ढकललं गेलं, आणि हे सगळं ‘दारूवर नियंत्रण’ या नावाखाली. ताडी काढणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्या भंडारी समाजाने अर्ज केले, निषेध केला. पुढे १८९२ साली मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला, तो खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. (आपला बदलापूरचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात होता.) इथले आदिवासी ती फुलं खातही असत, हे सरकारला माहीत नव्हतं असं नाही.

गंमत अशी की याच सुमाराला, १८८० साली, इंग्लंडात ग्लॅडस्टनने माल्टवरचा जुना कर रद्द करून बिअरवर नवीन कर बसवला. तो कसा मोजायचा? आंबवायच्या आधीच्या गोड रसाची घनता घेऊन. म्हणजे अंमलदार ब्रुअरीतच एकदा मोजून मोकळा, पुढे पिंपात काय होतं ते यीस्ट आणि पबवाला बघून घेतील. ही पद्धत १९९३ पर्यंत चालली. म्हणजे जिवंत पेयाला सामावून घेणारा कर बसवता येतो हे याच साम्राज्याला पक्कं ठाऊक होतं. इकडे मात्र झाडाला नंबर.

(पिंप तरीही मरायला टेकलं होतं. १९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी गॅस मारलेली निर्जीव बिअर रेटायला सुरुवात केली. १९७१ मध्ये चार इंग्रज गड्यांनी आयर्लंडमधल्या एका बारमध्ये बसून ‘कॅमरा’ ही ग्राहकांची संघटना काढली, तिने पिंप वाचवलं. आपल्याकडे ताडीसाठी अशी संघटना काढली असती तर पहिला प्रश्न लग्न जमण्याचा आला असता.)

आता परमिटकडे येऊ. १ ऑगस्ट १९३९ ला काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. पुढाकार डॉ. गिल्डर या पारशी मंत्र्यांचा, आणि सर्वात मोठा विरोधही पारशांचाच. तो प्रयोग टिकला नाही. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा. यात ताडीसुद्धा बंद. नीरा मात्र पवित्र! रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा. (ताडीला सरकारने चुना लावला, हे वाक्य शब्दशः खरं आहे.) बलसारा नावाचे एक गृहस्थ थेट कोर्टात गेले, मला व्हिस्की, बिअर आणि ओ-द-कोलोन वापरायचा हक्क आहे म्हणून. १९५१ साली सुप्रीम कोर्टाने औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तूंपुरती काही कलमं उडवली, बाकीचा कायदा कायम ठेवला.

आणि तो कायम आहेच. बंदी उठली असं आपण म्हणतो, पण ती उठलेली नाही, तिला भोकं पाडलीत. वसंतराव नाईकांच्या काळापासून नियम सैल होत गेले, कायद्याचं नाव मुंबईचं महाराष्ट्र झालं, पण नावात ‘दारूबंदी’ तशीच. बंदी हा नियम आणि परमिट हा अपवाद. म्हणून काळ्या काचा, म्हणून पडदा. पबमध्ये माणूस खिडकीशी बसतो, आपल्याकडे खिडकीकडे पाठ करून.

तुम्ही म्हणाल, दारूचे गोडवे गातोय. नाही हो. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतिराव फुल्यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती, आणि त्यांना घरं उद्ध्वस्त होताना दिसत होती. गडचिरोलीत १९९३ ला बंदी आली ती लोकांच्या चळवळीतून. ‘आडवी बाटली’साठी रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना लीड्सच्या पिंपाचं कौतुक सांगायची माझी हिंमत नाही. पण २००४ ला विक्रोळीत आणि २०१५ ला मालवणीत जी माणसं मेली, ती ताडीने नाही मेली. गरिबाच्या हातातलं सौम्य, ताजं पेय गेलं आणि त्या जागी फुग्यातली विषारी दारू आली. ही अदलाबदल कोणी केली, एवढंच मी विचारतोय.

आज ‘ताडी-माडी केंद्र’ अशा पाट्या कुठे कुठे आहेत, पण तिथे जे मिळतं त्यात क्लोरल हायड्रेट किती आणि ताडी किती हे पारखून घ्यावं लागतं. झाडावर चढणारे हात कमी झाले, ताडाच्या जागी टॉवर आले.

उलट वरच्या टोकाला जिवंत बिअर परत आलीय. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, जागेवरच बनवून जागेवरच पाजणारी. नाव आपल्या मध्य रेल्वेवरचं! देवळालीच्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे, त्याला इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले. टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला तापच.

आणि ज्या मोहाच्या फुलांवर १८९२ मध्ये बंधनं घातली, त्यांच्यापासून आणि काजूपासून बनणाऱ्या दारूचा दर्जा वाढवायचं राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ठरवलं. इतकी वर्षं ती ‘देशी’ होती. नवा दर्जा काय दिला? ‘विदेशी मद्य’.