चामड्याची सायकल सीट घ्यायची आहे? आधी तुमचं हँडल किती उंच आहे ते बघा

नव्याने सायकल चालवायला लागलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. दम पुरतो, पायही साथ देतात, पण तासाभरात बसवत नाही. मग सीटवर जेलचं कव्हर चढतं. पहिले चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी सायकल ग्रुपमधला एखादा जुना खेळाडू सांगतो, "चामड्याची सीट टाक, आयुष्यभराची चिंता मिटेल."

हा सल्ला अर्धाच खरा आहे. चामड्याच्या सीटची किंमत अनेक हजारांत जाते आणि चुकीची घेतली तर ती आयुष्यभर टिकते, म्हणजे दुखणंही टिकतं. कोणती सीट घ्यायची हे ठरतं तुम्ही सायकलवर किती वाकून बसता यावरून. ब्रँड, रंग, रिव्हेट तांब्याचे की स्टीलचे हे सगळं त्यानंतर.

चामड्याच्या सीटमध्ये वेगळं काय असतं?

साध्या सीटमध्ये प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यावर फोम आणि वर रेक्झिन असतं. चामड्याच्या सीटमध्ये यातलं काहीच नसतं. काही मिलीमीटर जाडीचं एकच चामडं पुढे नाकाशी आणि मागे लोखंडी पट्टीवर रिव्हेटने ठोकलेलं असतं. मधे खाली फक्त हवा. बाज जशी चौकटीवर ताणलेली असते आणि बसलं की अंगाप्रमाणे झोळ घेते, तसंच हे.

या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे इंग्लंडमधली ब्रुक्स. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये चामड्याच्या वस्तूंचा धंदा सुरू केला. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की त्यांचा घोडा मेला, कामावर जायला त्यांनी सायकल वापरायला घेतली आणि तिची सीट इतकी त्रासदायक निघाली की त्यांनी स्वतःच सीट बनवायला घेतली. १८८२ मध्ये त्यांनी सीटचं पेटंट नोंदवलं. कंपनीचं बी १७ हे मॉडेल १८९०च्या दशकापासून आजपर्यंत विकलं जातंय. आज ब्रुक्सची मालकी सेले रॉयल या इटालियन कंपनीकडे आहे. फ्रान्सची जिल बर्थू आणि अमेरिकेची सेले अ‍ॅनाटोमिका याही अशाच सीट बनवतात.

हे चामडं झाडांपासून मिळणाऱ्या टॅनिनने कमावलेलं असतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडंही पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलं जातं. त्यामुळे दोघींचा स्वभाव सारखाच. नवी कोल्हापुरी चावते, मग हळूहळू पायाचा आकार घेते. चामड्याची सीटही काहींना दोन-तीनशे किलोमीटरमध्ये, तर काहींना हजाराच्या आसपास मानवते. पण नऊ नंबरच्या पायात सात नंबरची चप्पल कितीही घातली तरी बसत नाही. सीटच्या बाबतीत ऑनलाइन सल्ल्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट सुटते. चामडं खोलगट होतं, मऊ होतं, पण रुंद होत नाही. मागची लोखंडी पट्टी आहे तेवढीच राहते.

वाकलं की शरीरात काय बदलतं?

खुर्चीत ताठ बसून तळहात खाली घातले तर दोन टणक हाडं लागतात. ही कमरेच्या हाडाची खालची टोकं. ताठ बसलेल्या माणसाचं जवळपास सगळं वजन या दोन टोकांवर असतं. ही टोकं मागच्या बाजूला एकमेकांपासून लांब असतात. पुढे जावं तसं हाड इंग्रजी व्ही अक्षरासारखं अरुंद होत जातं.

आता हँडलकडे वाका. कंबर पुढे कलते आणि वजन मागच्या टोकांवरून पुढच्या अरुंद भागाकडे सरकतं. म्हणजे तोच माणूस, तीच हाडं, पण ताठ बसला तर रुंद सीट लागते आणि वाकला तर अरुंद. वाकून बसणाऱ्याने रुंद सीट घेतली तर पेडल मारताना मांड्या घासतात. ताठ बसणाऱ्याने अरुंद घेतली तर हाडं लोखंडी पट्टीच्या कडेवर किंवा सीटच्या उतारावर येतात आणि वजन मधल्या नाजूक भागावर पडतं.

हा नाजूक भाग गांभीर्याने घ्यायला हवा. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांचा अभ्यास केला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ९० पोलिसांनी सहा महिने नाक नसलेली सीट वापरली तेव्हा त्यांची बधिरपणाची तक्रार बरीच कमी झाली. हाडांना सुरुवातीला दुखणं आणि मधला भाग बधिर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं काही दिवसांत कमी होतं. दुसऱ्यासाठी "सवय होईल" म्हणत थांबू नये. सीट बदलूनही बधिरपणा राहिला, तर डॉक्टरांना दाखवावं.

मोजमाप घरी कसं घ्यायचं?

एक टणक स्टूल घ्या, त्यावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा. पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा थोड्या उचला आणि सायकलवर जितकं वाकता तितकंच पुढे वाका. अर्ध्या मिनिटाने उठलात की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ते १२ सेंटीमीटर आलं, तर दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन सेंटीमीटर चामडं उरायला हवं, म्हणजे १६ सेंटीमीटर. फोमच्या सीटपेक्षा इथे जास्त जागा सोडावी लागते, कारण चामड्याच्या कडा खाली वळलेल्या असतात आणि मागे लोखंड असतं. हाड रिव्हेटवर आलं तर कुठलंच चामडं मदत करत नाही.

बायकांची हाडं सरासरीने जास्त अंतरावर असतात, पण सरासरी तुमच्या सायकलवर बसत नाही. "लेडीज सीट" हे लेबल न वाचता पुठ्ठाच वाचा.

मग कोणती घ्यायची?

सायकल भिंतीला टेकवा आणि बाजूने बघा.

हँडल सीटपेक्षा बरंच वर असेल, म्हणजे दूधवाल्याच्या किंवा आजोबांच्या काळ्या सायकलसारखं, तर रुंद आणि स्प्रिंगवाली सीट लागेल. ब्रुक्सच्या बी ६६ आणि बी ६७ या सीट २०० मिलीमीटरहून जास्त रुंद आहेत. ताठ बसल्यावर खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो, म्हणून स्प्रिंग. जुन्या सायकलींना मोठ्या स्प्रिंगची चामडी सीट असायची, त्यामागे हेच गणित होतं. एक बारीक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बी ६६ ला खाली दुहेरी सळया असतात आणि तिला जुन्या पद्धतीचा क्लॅम्प लागतो. आजच्या सीटपोस्टवर बी ६७ बसते. वर दोघी सारख्याच.

हँडल सीटच्या बरोबरीने किंवा जरासं वर-खाली असेल, तर बी १७. रुंदी सुमारे १७५ मिलीमीटर, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. बहुतेक हायब्रिड आणि टूरिंग सायकली याच गटात येतात. २००, ३००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करणाऱ्यांमध्ये ही सीट हमखास दिसते. रस्ता फारच खराब असेल तर फ्लायर बघा. वरून बी १७ च, मागे दोन स्प्रिंग. मधल्या भागावर दाब जाणवत असेल तर मधोमध लांबट भोक कापलेली कार्व्हड आवृत्ती मिळते.

हँडल सीटपेक्षा चांगलंच खाली असेल तर बी १७ नॅरो, स्विफ्ट, टीम प्रो अशा साधारण १५० ते १६० मिलीमीटरच्या सीट आहेत. मात्र सतत खाली वाकून वेगात जाणाऱ्यांनी चामड्याचा हट्ट धरायची फारशी गरज नाही. त्यांचं बरंच वजन हातापायांवर असतं आणि मधे भोक असलेल्या आखूड, हलक्या सीट त्यांच्यासाठीच बनतात.

बसवताना

चामडं मधे झोळ घेतं, म्हणून सीट अगदी सपाट लावली तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. नाक अगदी किंचित वर ठेवून बघा. जास्त वर झालं की बधिरपणा येतो, त्यामुळे एका वेळी थोडंच फिरवा. उंचीही तपासा. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जेमतेम सरळ व्हावा. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि चांगली सीटही सोलून काढते.

नाकाखाली एक नट असतो. चामडं सैल पडलं तर तो पाव फेरा आवळायचा, मग काही दिवस वाट बघायची. नवी सीट कडक वाटते म्हणून त्याला हात लावू नये.

आणि पावसाळा?

महाराष्ट्रात चामड्याच्या सीटचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर असतो. ओल्या चामड्यावर बसलं की ते ताणलं जातं आणि ती झोळ परत येत नाही. वरून कव्हर लागतंच, पण मागच्या चाकाचं पाणी खालून उडतं, म्हणून मडगार्डही हवं. भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नाही. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसा. घरात आहे म्हणून तेल ओतू नका, चामडं गरजेपेक्षा मऊ होऊन लोंबतं. त्यासाठी मेणासारखं मलम मिळतं, ते वर्षातून दोन-तीनदा बोटभर लावलं तरी पुरतं, खालच्या बाजूलाही. ब्रुक्सच्या प्रूफाइड या मलमात प्राण्यांची चरबी असते, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी लक्षात ठेवावं.

चामडंच नको असेल किंवा रोज पावसातून ऑफिस गाठायचं असेल, तर ब्रुक्सचीच कॅम्बियम मालिका आहे. रबर आणि त्यावर सुती कापड. सी १७ जरा रुंद, सी १५ अरुंद. ती भिजली तरी चालते आणि मानवायला फार दिवस लागत नाहीत. पुठ्ठ्याचं मोजमाप मात्र तिच्यासाठीही घ्यावंच लागतं.