मातींतील सोबती

टोमॅटो हा आपल्या स्वयंपाकघरांतील पाहुणा. त्याचें मूळ दक्षिण अमेरिकेंत. तेथून मेक्सिको, मग युरोप, आणि युरोपीय लोकांबरोबर हिंदुस्थान, असा त्याचा प्रवास झाला. आपल्याकडे कोठें त्यास बेलवांगी म्हणूं लागले, कोठें भेदरे, आणि आतां तर त्यावांचून आमटीस चव येत नाहीं. परंतु भाजीच्या टोपलींत येण्यापूर्वीं त्याच्या रोपास जें संकट ओलांडावें लागतें, त्याची हकीकत शहरांत फार थोड्यांस ठाऊक असते. तीच आज सांगावयाची आहे.

मी जालना जिल्ह्यांत शिक्षक होतों. एका पावसाळ्यांत शाळेच्या बागेंत मुलांनीं टोमॅटोचें बीं टाकलें. वाफा हिरवागार झाला. मुलें कौतुकानें सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत. पुढें दोनच रात्रींत निम्मीं रोपें आडवीं पडलीं. आम्हीं उंदरांवर संशय घेतला. एका विद्यार्थ्याच्या शेतकरी वडिलांनीं रोप उपटून दाखविलें; जमिनीलगत त्याचा देंठ सुतासारखा बारीक झाला होता. ते म्हणाले, “मास्तर, उंदरानं नाही, पाण्यानं गेली ही रोपं.”

त्यांचें म्हणणें बरोबर होतें, पण अर्धेंच. पाणी हें निमित्त. मारेकरी मातींत होता. पिथियम, रायझोक्टोनिया अशीं या मारेकऱ्यांचीं नांवें. पिथियमचे बीजाणू पाण्यांत पोहतात, म्हणून साचलेलें पाणी त्यांस राजमार्गच होतो. ई. जे. बटलर या शास्त्रज्ञानें पिथियम या वर्गावरील आपला ग्रंथ १९०७ सालीं प्रसिद्ध केला. बिहारांतील पुसा येथील संस्थेंत काम करणाऱ्या जहांगीर दस्तूर यांनीं १९१३ सालीं एरंडाच्या रोपांवरील फायटॉप्थोरा या रोगकारकाचें वर्णन केलें. तोही याच कुळांतला. शत्रूची ओळख अशी पटली, पण मित्र कोण हें कळावयास आणखी वीस वर्षें जावीं लागलीं.

हा मित्र मुळांत अज्ञात नव्हता. १७९४ सालीं पर्सून या शास्त्रज्ञानें ट्रायकोडर्मा या बुरशीस नांव दिलें होतें. कुजक्या लाकडावर हिरवट भुकटीसारखी दिसणारी ही बुरशी सव्वाशें वर्षांहून अधिक काळ केवळ नोंदवहींत राहिली. १९३२ सालीं कॅलिफोर्नियांत रिचर्ड वाइंडलिंग यांना असें दिसलें कीं, तिचे धागे रायझोक्टोनियाच्या धाग्यांस विळखा घालून त्यांस खाऊन टाकतात. दोन वर्षांनीं त्यांनीं दाखविलें कीं, ही बुरशी शत्रूस मारक असें द्रव्यही सोडते. त्या वेळीं आमचें जालना निजामाच्या राज्यांतील औरंगाबाद जिल्ह्याचें एक व्यापारी गांव होतें. स्वतंत्र जिल्हा होण्यास १ मे १९८१ उजाडावा लागला.

वाइंडलिंग यांच्या कामांतील एक गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९३६ सालीं त्यांनीं व फॉसेट यांनीं संत्रावर्गीय झाडांच्या रोपांवर प्रयोग केले, तेव्हां माती आम्ल केल्यावर या बुरशीस बळ चढलें. आमची काळी माती मात्र चुनखडीची, अल्कधर्मी. म्हणून परदेशांत फळलेली युक्ति येथें जशीच्या तशी फळेल, असें मानणें भोळेपणाचें होईल. येथें तिला आधार द्यावा लागतो तो चांगल्या कुजलेल्या शेणखताचा. त्यांत तिला अन्न मिळतें. तेथें आधीं मुक्काम केला कीं शत्रूस जागा उरत नाहीं. शिवाय मुळांशीं राहून ती रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तिही जागी करते.

हें सारें जालन्यांत महत्त्वाचें कां? येथें बीं हाच व्यवसाय आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. टोमॅटोच्या संकरित बियाण्यासाठीं एकेका फुलांतील पुंकेसर हातानें काढून दुसऱ्या वाणाचा पराग लावावा लागतो. एवढ्या कष्टाचें महाग बीं घेऊन शेतकऱ्यानें वाफा करावा आणि दोन रात्रींत तो आडवा व्हावा, म्हणजे केवळ रोपें जात नाहींत, हंगामाचा मुहूर्तच जातो.

पुढच्या वर्षीं आम्हीं गादीवाफा केला, पाणी आवरलें आणि शेणखतांत ट्रायकोडर्मा मिसळून अर्ध्या वाफ्यास दिला. अर्धा वाफा तसाच ठेवला. दोन्हीं अर्धे उभे राहिले! मुलें हिरमुसलीं, मला मात्र आनंद झाला. पाण्याचा निचरा हीच पहिली राखण, आणि बुरशी ही दुसरी, हें त्या वाफ्यानें कोणत्याही पुस्तकापेक्षां स्पष्ट शिकविलें. आणखी एकदां एका दुकानांतून आणलेली पुडी निकामी निघाली. ती उन्हांत तापलेल्या फळीवर किती दिवस पडली होती कोण जाणे. औषध जुनें झालें तरी कांहीं गुण उरतो. जिवंत वस्तु मेली कीं तिची नुसती भुकटी होते. म्हणून पुडीवरील तारीख पाहावी, ती सावलींत ठेवावी, आणि बुरशीनाशक औषधाबरोबर ती कालवूं नये, कारण तें औषध मित्र आणि शत्रु यांत भेद करीत नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं ज्यांच्या गच्चीवर कुंड्या आहेत, त्यांनीं हें करून पाहावें. पण झारी हातीं घेण्यापूर्वीं कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें आहे ना, हें आधीं पाहावें.