पित्तनलिकेची इजा
पित्ताशय काढून टाकताना यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य नलिकेस किंवा तिच्या शाखांस होणारी जखम. पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिन येथे केली. ती दुर्बिणीतून करण्याची पद्धत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली जर्मनीत आरंभिली व १९९० साली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ती भारतात आणली. या पद्धतीने रुग्णाच्या वेदना व रुग्णालयातील मुक्काम पुष्कळ कमी झाले, तथापि उघड्या शस्त्रक्रियेत हजारी एक-दोन आढळणारी ही इजा हजारी तीन ते पाचांपर्यंत गेली.

या इजेत हाताची चूक क्वचितच असते. पित्ताशयाची मान वर ओढली असता तिची आखूड नलिका आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात, आणि सुजेने सर्व काही एकमेकांस चिकटलेले असताना शल्यविशारद मुख्य नलिकेसच पित्ताशयाची नलिका समजून, मनात किंचितही किंतु न येता, तिला क्लिप लावून कापतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २५२ इजांच्या परीक्षणात ९७ टक्के प्रकरणांचे मूळ अशा दृष्टिभ्रमात आढळले. सबब स्वतःच्या खात्रीचीच खातरजमा करणे, हा प्रतिबंधाचा गाभा होय. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली सांगितलेला दंडक असा, की यकृत व नलिका यांमधील त्रिकोणातील चरबी व तंतू साफ करावेत, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश यकृतापासून सुटा करावा, आणि पित्ताशयात दोनच वाहिन्या शिरताना दिसल्याखेरीज काहीही कापू नये. हे साधत नसेल तर अनुभवी सहकाऱ्यास पाचारण करावे, किंवा पित्ताशयाचा काही भाग जागीच ठेवून थांबावे. अशा माघारीस अपयश म्हणणे अन्यायाचे आहे.

पुष्कळ इजा शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षातच येत नाहीत. पांढऱ्या गॉजवर हिरवट-पिवळा डाग उमटला, किंवा कापलेल्या नलिकेशेजारी आणखी एक तोंड दिसले, तर तेथेच थांबून नलिकेत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घ्यावे. एरवी दुसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागणारा रुग्ण पोट फुगून, तापाने वा वेदनेने अंथरुणास खिळला, अथवा त्याच्या डोळ्यांत कावीळ दिसू लागली, तर केवळ वेदनाशामके देत दिरंगाई न करता सोनोग्राफी व पित्तनलिकांची एमआरआय तपासणी तातडीने करावी. तुटलेली नलिका आतड्याच्या वळशास जोडण्याचे काम या विषयातील अनुभवी शल्यविशारदाचे आहे. तो उपलब्ध नसल्यास साचणारे पित्त नळीने बाहेर काढण्याची तजवीज करावी, आणि काय कापले, क्लिप कोठे लावल्या, याचा खरा तपशील लिहून रुग्णास मोठ्या केंद्राकडे विनाविलंब पाठवावे.