ताजीराते हिंद ते पॉक्सो : कुरुंद्यापर्यंतची वाट

कुरुंदा हे आमच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातले गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे मुलांवरील अत्याचाराच्या कायद्याचा इतिहास इथे मुंबई-कलकत्त्याहून वेगळा घडला.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० साली दंड संहिता झाली. तिच्या उर्दू भाषांतरात, म्हणजे ‘ताजीराते हिंद’मध्ये, ‘मिरातुल उरूस’ लिहिणाऱ्या डिप्टी नजीर अहमद यांचा हात होता. या संहितेने मुलीच्या संमतीचे वय अवघे दहा धरले; विवाहितेलाही तेच. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला चालला. पतीच्या बळजबरीने ही बालवधू मरण पावली होती. पण तिने दहा वर्षे ओलांडलेली, म्हणून तो बलात्कार ठरला नाही. पतीला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, एवढेच. मुंबईत बेहरामजी मलबारी १८८४ पासून कायद्यासाठी झटत होते. १८९१ मध्ये वय बारा झाले. टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे. बालविवाहाचा विषय निघाला की शरीयतचे नाव घेऊन आपल्यातलेही काहीजण असेच बोलतात. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे नाही, पण त्या वादात मुलीला कोणी विचारत नाही.

१८९१ चा कायदा निजामाच्या हद्दीत लागू नव्हता. संस्थानाची फौजदारी संहिता निराळी होती. भारतीय दंड संहिता कुरुंद्याला लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून. तोवर वय सोळा झाले होते, पत्नीसाठी मात्र पंधराच. ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बंद केली.

मुलग्यांसाठी तर कलम ३७७ सोडले तर फारसे काही नव्हते. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो आला आणि अठरा वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण मिळाले. शिक्षकाने केलेला अत्याचार या कायद्यात अधिक गंभीर मानला आहे. अशा गंभीर लिंगप्रवेशी लैंगिक हल्ल्याची किमान शिक्षा २०१९ मध्ये दहावरून वीस वर्षे झाली, फाशीचीही तरतूद आली.

फाशीवर सभेत टाळ्या पडतात. आम्हाला मात्र कलम २१ जास्त महत्त्वाचे वाटते. गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. गुन्हेगार घरचाच किंवा ओळखीचा निघाला की शिक्षेच्या धाकाने घरचेच तोंड मिटतात. मग मूल बोलणार कोणाजवळ? बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, हे कलम नाही. शाळेच्या भिंतीवर १०९८ या मदत क्रमांकाचा फलक मराठीत होता. खालचा उर्दू मजकूर आम्ही हाताने लिहून लावला.