लाल विटांच्या घराची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात घर बांधणाऱ्या श्रीमंताचा विटा झाकण्याकडे कल असे. विटेवर गिलावा चढवायचा, गिलाव्यावर दगडाच्या सांध्यांच्या खोट्या रेघा ओढायच्या आणि समोर खांब उभे करायचे. १८५९ साली केंट परगण्यातल्या अप्टन या वस्तीत, सफरचंद आणि चेरीच्या बागेत, विल्यम मॉरिस नावाच्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने घर बांधायला घेतलं आणि विटा उघड्याच ठेवल्या. हेच ते ‘रेड हाउस’. आता ही जागा लंडनच्या आग्नेयेकडच्या बेक्सलीहीथ उपनगरात येते.

आराखडा होता फिलिप वेबचा. वेब मॉरिसहून तीन वर्षांनी मोठा, आणि स्वतःच्या नावावर घेतलेलं त्याचं हे पहिलंच काम. ऑक्सफर्डमध्ये जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाच्या कचेरीत १८५६ साली दोघांची गाठ पडली. मॉरिसने काही महिन्यांतच ते काम सोडलं, मैत्री मात्र जन्मभर टिकली. १८५८ मध्ये दोघं आणि एक मित्र होडी वल्हवत फ्रान्समधल्या सेन नदीतून गेले. त्या सफरीत नकाशाच्या पाठीवर घराची पहिली रेखाटनं उमटली, असं सांगतात. पुढच्याच वर्षी मॉरिसचं लग्न झालं आणि घराची निकड लागली.

या घराला मूळपुरुषाचा मान दिला तो हेरमान मुथेझियुस या जर्मन वास्तुविशारदाने. इंग्रजी घरांवरच्या १९०४ सालच्या ग्रंथात त्याने लिहिलं की, आतून-बाहेरून एकसंध कल्पून बांधलेलं हे पहिलं घर. मान गोड आहे, पण वंशावळ थोडी मागे न्यावी लागते. ऑगस्टस प्युजिन या वास्तुविशारदाने १८४०च्या दशकात रॅम्सगेटला स्वतःसाठी बांधलेलं घर, आणि त्याच पेशातल्या बटरफील्ड व स्ट्रीट यांनी खेडोपाडी बांधलेली पाद्र्यांची निवासस्थानं हे त्याचे खरे वाडवडील. उघडी वीट, उतरती छपरं, खोलीला हवी तिथेच खिडकी, हे सगळं त्या साध्या घरांत आधीच आलं होतं. वेब त्याच तालमीतला. त्याने पाद्र्याचं घर उचलून संसारी माणसाला दिलं, आणि त्याची थोरवी मला यातच दिसते.

घराचा आकार इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा आहे. दोन भुजांच्या कोनात विहीर, तिच्यावर सुळकेदार कौलारू टोपी. खिडक्या एका मापाच्या नाहीत. कुठे उभट, कुठे चक्क वाटोळ्या. काही टोकदार गॉथिक कमानींखाली वेबने वरखाली सरकणाऱ्या, अठराव्या शतकातल्या घरांसारख्या खिडक्या बसवल्या. गॉथिकचा कडवा भक्त यावर नाक मुरडेल. वेबला ती साधी सोय वाटली असावी. चूकही आहेच. मुख्य खोल्यांची तोंडं उत्तरेला आहेत, म्हणजे इंग्लंडच्या हवेत त्या गारठलेल्याच राहणार.

आतल्या काही छतांवरची नक्षी अवश्य निरखून पाहावी. ओल्या गिलाव्यावर टोचून ठिपक्यांनी आकृती उठवली आणि मग हाताने रंग भरला. ते ठिपके अजून दिसतात. बाजारातलं सामान मॉरिसला पसंत पडेना, तेव्हा टेबलं आणि कपाटं वेबने आखली, भिंती बर्न-जोन्ससारख्या चित्रकार मित्रांनी रंगवल्या. या घरगुती उद्योगातून १८६१ साली मॉरिस, मार्शल, फॉकनर अँड कंपनी निघाली. मॉरिसने काढलेल्या पहिल्या वॉलपेपरवरचे गुलाबाचे मांडव याच बागेतले आणि त्यावरचे पक्षी वेबचे. हस्तकौशल्याच्या या कौतुकामागे पैसा मात्र डेव्हनमधल्या तांब्याच्या खाणीचा होता. मॉरिसच्या वडिलांनी तिचे शेअर घेतले होते. यंत्रयुगावर चिडलेल्या माणसाचं घर खाणीच्या लाभांशावर उभं राहिलं, ही गोष्ट त्याचे भक्त जरा हळू आवाजात सांगतात.

खाणीचं उत्पन्न घटलं, मॉरिस आजारी पडला, रोजची लंडनची ये-जा झेपेना. १८६५ मध्ये बिऱ्हाड लंडनला हललं. जेमतेम पाच वर्षांचा संसार. याच वर्षी जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शिल्पं त्यांची. त्यांची पत्नी अ‍ॅलिस आणि बर्न-जोन्सची पत्नी जॉर्जियाना या सख्ख्या बहिणी. म्हणजे रेड हाउसच्या भिंती रंगवणारा माणूस आणि आपल्या मंडईची शिल्पं घडवणारा माणूस हे साडू होते.

‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव हस्तकौशल्याला मान देणाऱ्या या घराण्याला १८८७ साली प्रदर्शन भरवणाऱ्या एका मंडळामुळे चिकटलं, घर उभं राहून पंचवीसहून अधिक वर्षं झाल्यावर. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७७ मध्ये, मॉरिस आणि वेब यांनी जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली होती. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुना गिलावा खरवडून देवळं नवी करणाऱ्यांवर त्यांचा रोष होता. जुनं आहे तसं राखा, ठिगळ लावायचं तर ते ठिगळ म्हणून दिसू द्या, हा त्यांचा आग्रह.

घराला पुढे पहिल्या श्रेणीचं कायदेशीर संरक्षण मिळालं. १९५०च्या दशकात वास्तुविशारद टेड हॉलम्बी तिथे राहायला आले. त्यांनी ते जिवापाड सांभाळलं. २००३ मध्ये ते नॅशनल ट्रस्टने घेतलं. २०१३ मध्ये मॉरिसच्या निजायच्या खोलीत, कपाटाआड आणि वॉलपेपरखाली दडलेलं भित्तिचित्र उजेडात आलं. त्यात आदम-ईव्ह, नोहा आणि बायबलमधली आणखी काही माणसं आहेत. मित्रमंडळींनी मिळून काढलेलं ते काम मानलं जातं.

लंडनला नातेवाइकांकडे जाणं झालं तर संग्रहालयांच्या फेरीतून एक दिवस यासाठी काढा. बेक्सलीहीथ स्टेशनवरून चालत जाता येतं. घर रोज उघडं नसतं, तेव्हा आधी चौकशी करून निघा.